तबकड्यांचा छंद

वडूज हे सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्याचे मुख्य गाव. येरळा नदी गावालगत आहे. ती वाहते असे म्हणावयाचे. परंतु वर्षातील बरेच महिने तिच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच अधिक दिसते. पाऊस थोडा आणि जमीन हलकी, म्हणून या बाजूची माणसे पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी बाहेर पडत आली आहेत. कोणी मुंबईच्या कापडगिरण्यांत गेले, कोणी गोदीत राबले, आणि कित्येक घरांतील मुले गलाईच्या धंद्यात शिरली. गलाई म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणे. खटाव, माण, खानापूर, आटपाडी या तालुक्यांतील गलाई कारागीर आज देशातील अनेक शहरांच्या सराफी पेठांत आढळतात.

वडूजमधील एका घरात या दोन्ही वाटा एकत्र आल्या होत्या. आजोबांना सारे घर आबा म्हणे. त्यांनी उमेदीची वर्षे मुंबईला गिरणीत साच्यांवर काढली होती. चुलते तात्या, त्यांचे बंगळूरला गलाईचे लहानसे दुकान होते. घरात एक शाळकरी मुलगा होता. ही हकीकत त्याच्या छंदाची आहे. पण आबांच्या ग्रामोफोनखेरीज ती सांगता येत नाही.

तो ग्रामोफोन चावीचा होता. काळ्या कापडाने मढविलेली पेटी, आत हिरवी मखमल लावलेली फिरती थाळी, आणि एका कप्प्यात पोलादी पिनांची डबी. आबांनी तो गिरणगावात एका सोबत्याकडून जुना म्हणून विकत घेतला होता. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. तो लांबत गेला, आणि आबांसारखी हजारो माणसे गावी परतली ती पुन्हा गिरणीत गेलीच नाहीत. आबा आले तेव्हा त्यांच्यासोबत एक लोखंडी ट्रंक, एक वळकटी आणि हा ग्रामोफोन होता. ट्रंकेत कपडे थोडे होते. बाकी जुन्या धोतरांत गुंडाळलेल्या तबकड्या होत्या, त्या मोजून एकेचाळीस.

आबांना गाण्याची गोडी मुंबईत लागली नव्हती. वडूजपासून जवळच औंध आहे. त्या संस्थानातील गायक अंतुबुवा जोशी यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये तेथे संगीत उत्सव सुरू केला. आबा तेव्हा पंधरा वर्षांचे होते. पहिल्याच उत्सवास ते चार सोबत्यांबरोबर पायी गेले होते. सोबती मध्यरात्री झोपी गेले, आबा मात्र पहाटेपर्यंत बसून राहिले. आपल्याला काय कळले हे त्यांना सांगता येत नसे. “कळायचं काय त्यात? उठवंनाच,” एवढेच ते म्हणत.

त्यांच्या ट्रंकेत बालगंधर्व होते, हिराबाई बडोदेकर होत्या. परंतु सर्वांत वर, दुहेरी कापडात असत ते हिराबाईंचे वडील अब्दुल करीम खाँ. खाँसाहेब उत्तरेतील कैराना गावचे. पण ते मिरजेस येऊन राहिले आणि मिरजेचेच झाले. १९३७ मध्ये दक्षिणेच्या प्रवासात एका रेल्वे स्थानकावर त्यांचे देहावसान झाले. त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात आहे. त्यांचा आवाज बारीक, उंच आणि कमालीचा सुरेल होता. दिवसभर साच्यांचा खडखडाट ऐकलेल्या कानांना तो आवाज कसा वाटत असेल, याची कल्पना करता येते. साचेखात्यात शेजारच्या माणसाशी बोलायचे तरी ओठ आणि हात हलवून बोलावे लागे. तेथून खोलीवर येऊन आबा चावी देत आणि तीन मिनिटे गप्प बसत.

तीन मिनिटे म्हणण्याचे कारण असे की, त्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढेच मावत असे. ती मिनिटाला ७८ फेरे घेई. भारतात गाणे प्रथम तबकडीवर उतरले ते नोव्हेंबर १९०२ मध्ये, कलकत्त्याला. फ्रेड गायसबर्ग नावाचा तंत्रज्ञ त्यासाठी विलायतेहून आला होता आणि गौहरजान या गायिकेने त्याच्या कर्ण्यासमोर गाणे म्हटले. गाणे संपताच ती आपले नाव इंग्रजीत मोठ्याने सांगत असे. त्यात मिजास नव्हती. तबकड्या छापल्या जात जर्मनीतील हॅनोव्हर शहरी, आणि तेथील कामगारांना हे गाणे कोणाचे हे कळावे कसे? रात्रभर गायिला जाणारा राग तीन मिनिटांत बसविणे पुष्कळ जुन्या गवयांना रुचले नाही. ज्यांनी ते मनावर घेतले, त्यांचे गळे आज ऐकता येतात. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. ‘स्वयंवर’ नाटकाच्या पदांना त्यांनी दिलेल्या चाली बालगंधर्वांच्या तबकड्यांवर आहेत. पण बुवांचे स्वतःचे गाणे तबकडीवर नाही. आबा हे सांगत तेव्हा एखादा नातेवाईक गेल्यासारखा त्यांचा चेहरा होई.

१९९९ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगा तात्यांकडे बंगळूरला गेला. तो तेरा वर्षांचा होता. भट्टी आणि तेजाब यांच्या जवळ जाण्यास त्याला मनाई होती. त्याने दुकान झाडावे, चहा आणावा आणि निरोप पोहोचवावेत असे ठरले. झाडण्याचे काम सोपे नव्हते. गलाईच्या दुकानातील केर कधी फेकून देत नाहीत. त्यात सोन्याचे बारीक कण असतात, म्हणून तो डब्यात साठवून ठेवावयाचा, आणि पुरेसा साठला की धुऊन, गाळून त्यातले सोने काढावयाचे. जे कोणाला केर वाटते ते जपून ठेवण्याची सवय मुलाला तेथे लागली असावी.

निरोप घेऊन जाताना वाटेत एक जुन्या वस्तूंचे दुकान लागे. त्या काळी लोक घरातील मोठ्या तबकड्या काढून टाकीत होते. कॅसेटी आल्या होत्या, सीडी येऊ लागल्या होत्या. दुकानात तबकड्यांचे ढीग पडलेले असत. एके दिवशी तेथून पावसाचा आवाज आला. बाहेर तर मे महिन्याचे ऊन होते! मुलगा दारात थबकला. पाऊस पडत होता, मेघ गडगडत होते आणि दूर कोठेतरी एक घंटा संथपणे वाजत होती. सारे एका फिरत्या तबकडीतून येत होते. मग एकाएकी गिटारचे तीन सूर कोसळले. सावकाश, जड, घणाचे घाव पडावेत तसे. मुलगा तबकडीची ती बाजू संपेपर्यंत उभा राहिला. निरोप पोहोचण्यास पाऊण तास उशीर झाला आणि तात्यांची बोलणी खावी लागली.

ती ब्लॅक सॅबथ या इंग्रज वाद्यवृंदाची पहिली तबकडी होती. १३ फेब्रुवारी १९७० रोजी ती प्रसिद्ध झाली होती. चार तरुण, चौघेही बर्मिंगहॅमच्या कामगारवस्तीतले. बर्मिंगहॅम हे लोखंड-पितळेच्या कारखान्यांचे शहर. या मुलांनी जे संगीत निर्माण केले त्याला पुढे ‘हेवी मेटल’ हे नाव पडले. या नावाचा शब्दशः अर्थ ‘जड धातू’. तात्यांना हे सांगितले तेव्हा ते खो खो हसले. “जड धातू? मग ते सोनंच की! शिशापेक्षा सोनं जड असतं, ठाऊक आहे का तुला?”

दुकानदाराने मुलाला गिटारवाल्याची गोष्ट सांगितली. टोनी आयोमी त्याचे नाव. सतरा वर्षांचा असताना तो पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस होता. दुसऱ्या दिवसापासून तो वाद्य वाजविण्यासाठी दौऱ्यावर जाणार होता. त्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा होता, म्हणजे तारा दाबावयाची ती हीच बोटे. गिटार संपली असे समजून तो घरी बसला. तेव्हा कारखान्यातील मुकादम त्याला भेटावयास आला. त्याने सोबत एक तबकडी आणली होती आणि ती ऐकण्याचा आग्रह केला. मुलाला मनातून राग आला. पण त्याने ऐकली. वाजविणारा फार सुंदर वाजवीत होता. संपल्यावर मुकादमाने सांगितले की, हा जँगो राइनहार्ट, आणि १९२८ मध्ये आगीत होरपळल्यापासून याच्या डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी आहेत.

मुलाने ही गोष्ट रात्री तात्यांना सांगितली. तात्या मूस पुसून ठेवीत होते. त्यांच्या स्वतःच्या बोटांवर तेजाबाचे पिवळे डाग आणि भाजल्याच्या जुन्या खुणा होत्या. संगीताविषयी त्यांनी काही विचारले नाही. थोड्या वेळाने म्हणाले, “मग बोटांना काय बसवलं त्यानं?”

मुलाने सांगितले. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने गोळी केली. तापल्या सळईने भोक पाडून ती बोटावर बसेल अशी घडविली. घासून गुळगुळीत केली आणि वरून जुन्या जाकिटाचे कातडे चिकटविले, म्हणजे तार निसटू नये. तारा हलक्या घेतल्या, पुढे सैलही केल्या, म्हणून आवाज खोल गेला.

“स्वतःच घडवलं?” तात्यांनी विचारले. मग आपला अंगठा निरखीत म्हणाले, “कारागीर आहे.” सुट्टी संपताना त्यांनी मुलाच्या हातावर दोन महिन्यांच्या कामाचे पैसे ठेवले. त्यातील बहुतेक त्या तबकडीवर गेले.

तबकडी मांडीवर धरून मुलगा वडूजला आला. घरात तबकडी वाजविणारे यंत्र एकच होते. दुपारी आबा पारावर गेलेले पाहून त्याने पेटी उघडली, चावी दिली, आबांच्या शिरस्त्याप्रमाणे नवी पिन बसविली आणि ती तबकडीच्या कडेवर टेकविली.

पाऊस आला नाही. एक किरटी, घाईघाईची किंचाळी आली आणि तिच्याखाली काहीतरी खरवडल्याचा आवाज. मुलाने घाबरून पिन उचलली, पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली. तिसऱ्या खेपेस तबकडीवर करड्या रंगाचा एक रुंद पट्टा उमटला होता. जेथे पाऊस होता तेथेच.

आबा परत आले तेव्हा मुलगा पेटीसमोर बसला होता. ते रागावले नाहीत. त्यांनी तबकडी कडेने, दोन्ही तळव्यांत धरून उजेडाकडे नेली. “अरं बाळा, ही लाखेची नव्हं.” आबांच्या तबकड्या लाखेच्या होत्या. पळस, कुसुम, बोर या झाडांवर राहणारे बारीक किडे जी लाख तयार करतात, ती दगडाच्या भुकटीत मिसळून त्या तबकड्या घडवीत. त्या कठीण असतात. पडल्या तर काचेसारख्या फुटतात, पण पोलादी पिनेचा भार सोसतात. १९४८ मध्ये अमेरिकेत नव्या जातीची तबकडी निघाली, ती प्लॅस्टिकची. तिच्यावरील रेघ केसासारखी बारीक, फेरे मिनिटाला सव्वातेहतीस-साडेतेहतीसच्या दरम्यान, आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गाणे. पुढे तात्या गावी आले तेव्हा त्यांनी हाच हिशेब आपल्या भाषेत सांगितला. जुन्या ग्रामोफोनची पिन दहा-बारा तोळ्यांच्या भाराने दाबते. नव्या तबकडीला चालतो तो भार दोन ग्रॅमांच्या आसपास, म्हणजे गुंजांत मोजावयाचा. सोनाराच्या काट्यावर धान्याचे पोते टाकावे तसा तो प्रकार झाला होता.

त्या रात्री मुलगा जेवला नाही. आबा अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणाले, “काय होतं रं त्या जागेवर?”

“पाऊस होता, आबा.”

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. “आपल्याकडं तसाबी कमीच,” ते शेवटी म्हणाले, आणि अंधारात दोघांनाही हसू फुटले.

येथून मुलाच्या संग्रहाला सुरुवात झाली. वाजविण्याचे यंत्र नसताना तबकड्या जमविणारा माणूस जगाला वेडा वाटतो, आणि वडूजला तो तसा वाटला. शाळेत पोरे त्याला चिडवीत. पाहुणे आवरणावरची भेसूर चित्रे पाहून त्याच्या वडिलांना काळजीच्या सुरात सल्ले देत. ही चित्रे पुष्कळदा लोकांना घाबरविण्यासाठीच काढलेली असतात, आणि त्यातील काही अगदी बटबटीत असतात, हेही खरे आहे. मुलगा वाद घालीत नसे. त्याने एक वही केली. प्रत्येक तबकडीचा क्रमांक, छापणारी कंपनी, कोठे मिळाली, कोणत्या बाजूस ओरखडा आहे, हे सारे तो त्यात लिही. पुण्यास जाणे झाले की बुधवारी किंवा रविवारी तो जुन्या बाजारात जाई, आणि कुलपे, नळाच्या तोट्या व तुटकी घड्याळे यांच्या ढिगांतून तबकड्या शोधी. स्वतःच्या आवडीची क्वचितच मिळे. पण लाखेच्या तबकड्या दिसल्या की आबांसाठी तो त्याही घेई, आणि वहीत त्यांचे वेगळे पान करी. असे वेड केवळ आपल्यालाच नाही, हे त्याला पुढे कळले. मुंबईत १९९० पासून भारतीय तबकडी-संग्राहकांची एक संस्था आहे. सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या जाणकारांनी तिच्यासाठी वर्षानुवर्षे काम केले आणि जुन्या गाण्यांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्या नोंदी पाहिल्यावर मुलाने आपली वही पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहून काढली.

वर्षे गेली. तो तात्यांच्याच दुकानात लागला. आता भट्टीजवळ बसण्याची परवानगी होती. १७ मार्च २००७ रोजी आयर्न मेडन हा इंग्रज वाद्यवृंद बंगळूरच्या पॅलेस मैदानावर आला. देशाच्या कानाकोपऱ्यांतून काळे सदरे घातलेली तरुण मंडळी जमली होती. वडूजला ज्याचे नाव काढण्यास एक सोबती नव्हता, ते गाणे हजारो मुले शब्दन्‌शब्द म्हणत होती. तो रडला, असे त्याने नंतर आबांना सांगितले. आबांनी त्यात नवल मानले नाही. औंधला १९४० मध्ये तेही रडले होते. ते इतकी वर्षे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते, एवढेच.

त्याच वर्षी दिवाळीत त्याने विजेवर चालणारे, हलक्या सुईचे यंत्र आणि दोन मोठे ध्वनिक्षेपक घरी आणले. आबा ब्याऐंशी वर्षांचे झाले होते. त्यांना ऐकू कमी येई. परंतु किती कमी, हे घरात कोणालाच नीट ठाऊक नव्हते, कारण ओठ पाहून बोलणे समजण्याची कला ते गिरणीतच शिकले होते. वय झाले की माणसाचे कान प्रथम बारीक, उंच आवाज गमावतात. ज्यांनी आयुष्य साच्यांच्या खडखडाटात काढले, त्यांचे हे आवाज आणखी लवकर जातात.

मुलाने ती खरवडलेली तबकडी लावली. दर फेऱ्यास टक-टक असा आवाज होत होता. त्यातून पाऊस तुटक-तुटक ऐकू येत होता. आबा शांत होते. पाऊस, घंटा, यातले काही त्यांच्यापर्यंत पोहोचल्याचे दिसले नाही. मग ते तीन जड सूर कोसळले. आबांचा हात टेबलाच्या फळीवर होता, तो तेथेच स्थिर झाला. त्यांनी दुसराही हात फळीवर ठेवला.

“हे येतंय,” ते म्हणाले. “हातातनं येतंय. साचा सुरू झाला म्हंजी जमीन अशीच बोलायची.”

ती बाजू संपेपर्यंत ते तसेच बसले. मग म्हणाले, “आता माझं लाव.”

मुलाने जुनी पेटी उघडली. नवी पिन बसविली, चावी पूर्ण दिली आणि खाँसाहेबांची भैरवी लावली. तो बारीक, उंच स्वर खोलीत निघाला. आबांनी डोळे मिटले. त्यांची मान हलू लागली, बोटे मांडीवर ताल धरू लागली, आणि समेवर हात पडला. तो तबकडीवरील समेच्या किंचित मागे पडला. पुढच्या आवर्तनात आणखी थोडा मागे. मुलाने ते पाहिले आणि आबांना काय ऐकू येत आहे व काय येत नाही, हे त्याच्या ध्यानात आले. तो काही बोलला नाही.

तीन मिनिटांनी गाणे संपले. पिन शेवटच्या मोकळ्या रेघेत शिरली आणि नुसती खरखर होऊ लागली. ती उचलावी म्हणून मुलगा उठला. परंतु आबांची बोटे अजून मांडीवर चालत होती. तो पुन्हा खाली बसला. चावी उतरेपर्यंत तबकडी तशीच फिरत राहिली.